गजाननला घरी पोचवताना

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. कूलरच्या मागे धूळ साचते तसे ते आपले साचत राहतात. मग एखाद्या दिवशी चहा पिताना कुणीतरी विचारतं, "काय मग, काय म्हणतात तुमचे जेलवाले?" आणि सगळे एकदम बाहेर पडतात!

आमची संस्था म्हणजे वर्ध्यातल्या दोन खोल्या. जेलमधून सुटून आलेल्या माणसाला आधार कार्ड, काम, राहायला खोली आणि जमलं तर त्याचं घर परत मिळवून द्यायचं, हे आमचं काम. पहिल्या तीन गोष्टी खटपट केली, की मिळतात. चौथीचा काही भरवसा नाही.

ऑफिसात माणसं दोनच. एक मी. फिरणारी, बोलणारी आणि गरज पडली तर भांडणारी. दुसरे वानखेडे काका. काका जेलमध्ये शिपाई होते. रिटायर झाल्यावर घरी करमेना, म्हणून आमच्याकडे आले. आता गंमत बघा, सुटून आलेला माणूस बिचारा भीत भीत ऑफिसात येतो, खुर्चीवर टेकतो, तेवढ्यात काका आत येतात. माणूस खाडकन उभा!

काकांचं ठरलेलं वाक्य, "बस रे बाप्पा, बस. मी बी सुटलो आता!"

आणि तिसरा, जवळजवळ ऑफिसातलाच झालेला, गजानन. हा अल्लीपूरचा. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झालं, त्यानं चुलतभावाच्या डोक्यात काठी घातली आणि भाऊ गेला. गजानन हे कुणापासून लपवत नाही, आणि "चुकून लागली" असंही म्हणत नाही. शिक्षा भोगून सुटला, पण घरी गेला नाही. बायको सुनंदा 'या' म्हणत होती. पण मुलगी, प्रतीक्षा, गजानन जेलमध्ये गेला तेव्हा रांगत होती, ती आता कॉलेजात. ती काहीच बोलत नव्हती. गजाननचं एकच म्हणणं, "ताई, पोरीनं 'आत या' म्हटल्याशिवाय मी घरात पाय नाई टाकत."

म्हणून तो वर्ध्यात आणि त्याचं घर अल्लीपुरात. हे असं बरेच महिने चाललं होतं.

*

आधी त्याच्या खोलीचा किस्सा सांगते.

गजाननला घेऊन मी एका रिटायर्ड बाबूंकडे खोली बघायला गेले. स्वभावानं कडक माणूस. दारातच परीक्षा सुरू झाली. दारू पितो का? नाही. मटण? कधीमधी. मित्रमंडळी येतील का? त्याला मित्रच नाहीत. सकाळी उठतो कधी? उजाडायच्या आत. बाबूंचा चेहरा खुलत चालला होता.

"आधी कुठं राहत होते हे?"

आता आमचा नियम असा आहे, की खोटं बोलून खोली घ्यायची नाही. नंतर कळलं, की सामान रस्त्यावर येतं. मी सांगून टाकलं, "जेलमध्ये."

बाबूंनी दार अर्धं लोटलं. आतून काकू बाहेर आल्या. त्या माझ्याकडे न बघता गजाननकडे बघत म्हणाल्या, "चोरी केलती का?"

"नाई काकू," गजानन म्हणाला. "खून."

काकूंनी सुटकेचा निःश्वास टाकला. "मंग ठीक हाये. चोर नको बाप्पा घरात!"

किल्ली त्याच दिवशी मिळाली.

*

खोली मिळाल्यावर नवीनच भानगड.

जेलमध्ये पहाटे उठून बराक झाडायची सवय. गजानन इथेही पहाटे उठायचा. खोली झाडून झाली की अंगण झाडायचा. अंगण झालं की हात थांबेना, म्हणून गल्ली. आठवडाभरात गल्ली अशी लखलखीत, की लोकांना वाटलं, नगरपरिषदेनं नवीन माणूस दिला! बायका त्याला आपापल्या तक्रारी सांगायला लागल्या.

"अहो दादा, आमच्या दारची नाली तुंबली."

हा नाली काढायचा.

"अहो दादा, त्या कोपऱ्यावर कचरा पडून राह्यतो."

हा कचरा उचलायचा. एका आजींनी तर त्याला दम भरला, "काल काऊन नाई आला?" आणि हा हात जोडून म्हणाला, "ताप होता माय."

मग एक दिवस आमच्या ऑफिससमोर बुलेट थांबली. त्या वॉर्डातले नगरसेवक आत आले. घाम पुसला, पाणी प्यायले आणि खालच्या आवाजात विचारते झाले, "मॅडम, खरं सांगा. तुमचा हा माणूस इलेक्शनले उभा राह्यते का?"

*

आता काकांचा किस्सा. हा काका स्वतः कधी सांगत नाहीत, म्हणून मीच सांगते.

आम्हाला मदत करणाऱ्या एका ट्रस्टचे साहेब पुण्याहून पाहणीला आले होते. मी, साहेब, गजानन आणि जेलमधून सुटून आलेले आणखी दोघं जण बसलो होतो. साहेब 'मुख्य प्रवाह' या विषयावर बोलत होते. काकांना चहा सांगायला पाठवलं.

काका गेले ते गेलेच. साहेबांच्या गाडीची वेळ व्हायला आली. ते उठले, दार ओढलं. उघडेना! काकांनी जन्मभराच्या सवयीनं बाहेर पडताना कडी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकून चालते झाले होते. त्यांचा मोबाईल टेबलावर. वाटेत जुना सोबती भेटला म्हणून त्याच्यासोबत गेले होते, हे आम्हाला नंतर कळलं.

साहेब घाबरे झाले. खिडकीतून हाका मारून पाहिल्या. मी गल्लीतल्या एकाला काकांना शोधायला धाडलं. साहेबांचा शर्ट घामानं चिंब. "हे काय आहे? हे असं कसं चालतं तुमच्याकडे?"

आमचे तिघं जण मात्र भिंतीला टेकून निवांत बसले होते. एकाचा तर डोळाही लागला होता.

गजाननला साहेबांची दया आली. तो अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "साहेब, बसा खाली. पह्यल्या दिवशी सगळ्यायलेच असं होते!"

*

आमच्याकडे एक आचारीही आले होते. जेलच्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं काम केलेले. हात असा, की वरणाचा वास रस्त्यापर्यंत जावा. मी त्यांना एका छोट्या खानावळीत लावून दिलं. दुसऱ्याच दिवशी मालकीणबाई रडकुंडीला आल्या.

"मॅडम, यायले सांगितलं दहा माणसाचं वरण टाका. यायनं माहा पाण्याचा ड्रम चुलीवर चढवला!"

मी आचाऱ्यांना विचारलं. ते खाली मान घालून म्हणाले, "थोड्या माणसाचं वरण मले येतच नाई मॅडम. हात थांबत नाई."

मग काय, त्यांना लग्नाच्या जेवणाचे ठेके घेणाऱ्या एका कॅटररकडे दिलं. तिथे त्यांचा हात असा काही बसला, की विचारू नका. एका सीझनमध्ये कॅटरर हिंगणघाटपर्यंत कामं घ्यायला लागला. गेल्या महिन्यात तो मिठाई घेऊन ऑफिसात आला. मला वाटलं, आभार मानायला आलाय.

"मॅडम," तो म्हणाला, "असा अजून एखादा आतमध्ये हाये का? सुटते कधी?"

*

एका कॉलेजनं आम्हाला शिबिरात बोलावलं. विषय जरा भारी होता, 'गुन्हा, पश्चात्ताप आणि परिवर्तन'. मी तासभर बोलले. मला बोलायला आवडतं, हे मी नाकारत नाही. जेलमध्येसुद्धा मी अनेक वर्षं जाऊन भाषणं दिली आहेत. गजानन तेव्हा समोरच्या सतरंजीवर बसलेला असायचा.

माझं झाल्यावर गजाननला स्टेजवर बोलावलं. शाल, नारळ, टाळ्या. एका मुलीनं हात वर करून फार गंभीरपणे विचारलं, "काका, आतमध्ये तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा व्हायचा?"

प्राचार्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता हा घराची आठवण काढणार, मुलीचं नाव घेणार. मी रुमालही हातात घेतला.

गजाननने प्रामाणिकपणे विचार केला. मग माईक जवळ ओढला.

"भाषणाचा."

*

हसण्यासारखं नाही असं एक सांगते.

मी एकदा सुनंदावहिनींना आग्रह केला, की प्रतीक्षाला घेऊन ऑफिसातच या, मोकळेपणी भेट होऊ द्या. गजाननने शर्टाला इस्त्री करून आणली. सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, आणून ठेवली. माय-लेकी आल्या. प्रतीक्षा खुर्चीच्या अगदी कडेवर बसली आणि फरशीकडे बघत राहिली. गजानन पंख्याकडे.

मला शांतता झेपत नाही. मी विचारलं, कॉलेज कसं चाललंय? बस वेळेवर येते का? पुढे काय करायचं ठरवलंयस? पोरगी मला व्यवस्थित उत्तरं देत होती. हुशार होती, बोलायची पद्धतही छान. मग मी माझ्या कॉलेजच्या गोष्टी सांगितल्या. अल्लीपूरची बस निघायची वेळ झाली, तशा दोघी उठल्या आणि गेल्या. सांबारवडी तशीच राहिली.

दोघी वळणाआड होईपर्यंत गजानन दारात उभा होता. मग म्हणाला, "ताई, तुमची न् पोरीची भेट मस्त झाली."

मला इतकं वाईट वाटलं, की त्या दिवशी मी पुढे कुणाशीच बोलले नाही.

जाता जाता तो एवढंच म्हणाला, "जेलात मुलाकातीले येत जाय तवा तोंड बंद नाई राह्यत जाय तिचं. आता मी दिसतो तिले खराखुरा. नसंन आवडलो."

*

आणि हा परवाचा.

सुनंदावहिनींचाच निरोप आला, "आता आणाच त्यायले. बोलंन तवा बोलंन पोरगी." गजानन हो-नाही करत तयार झाला, पण अट घातली. "मी आंगनातच बसीन. कोनी आत ओढाचं नाई." मी, काका आणि गजानन एसटीनं अल्लीपूरला गेलो.

वहिनींनी अंगणात तीन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या होत्या. प्रतीक्षा दारात दिसली, आम्हाला नमस्कार केला आणि आत गेली. समोरच्या खोलीची खिडकी लावलेली. शेजारपाजारचे लोक काहीतरी काम काढून आपापल्या अंगणात उभे राहिले. गजानन स्वतःच्या घरासमोर पाहुण्यासारखा बसला, गुडघ्यांवर हात ठेवून. मी शपथेवर सांगते, मी एक शब्दही बोलले नाही.

वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. तेवढ्यात गजाननच्या खिशातला मोबाईल वाजला. त्यानं नंबर बघितला, कुणाचा ते कळेना. काकांनी खूण केली, उचल.

"हॅलो?"

आवाज फोनमधून आला आणि त्या बंद खिडकीतूनही आला.

"बाबा, जेवले का?"

गजानन खिडकीकडे बघत राहिला. जेलच्या मुलाकातीत मध्ये जाड काच असते. इकडच्यांनी इकडचा फोन उचलायचा, तिकडच्यांनी तिकडचा. या पोरीनं बाप आजवर ऐकला तो असाच.

"जेवलो ना माय," तो म्हणाला. "तू जेवली?"

मग जे सुरू झालं ते थांबेना! कॉलेजातल्या मॅडम कशा रागावतात, आई कशी उगाच रागावते, गायीनं गोऱ्हा दिला तो किती मारका आहे, बसमध्ये जागा धरायला काय काय करावं लागतं. गजानन "हो का?" म्हणत होता, "मंग?" म्हणत होता, मध्येच मोठ्यानं हसत होता. बाप अंगणात, लेक आत, मधे भिंत. वहिनी चहाचा ट्रे हातात धरून दारातच थांबल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि माझ्याही.

काका खुर्चीमागे उभे होते. मुलाकातीला उभे राहायचे तसे, हात मागे बांधून. आणि देवा रे! त्यांनी मनगट वर केलं, घड्याळ बघितलं आणि खड्या आवाजात म्हणाले,

"चला, वेळ झाली!"

गजानन ताडकन उभा राहिला.

काकांनी जीभ चावली, पण बोलायचं ते बोलून झालं होतं. वहिनींच्या हातातले कप खणखणले. खिडकीआडचा आवाज बंद झाला. मी काकांकडे असं बघितलं, की त्यांनी तिथेच जमिनीत शिरावं.

खिडकीची कडी वाजली. दोन्ही झडपा उघडल्या. गजांमागे प्रतीक्षा उभी होती, मोबाईल अजून कानालाच.

"काका," ती म्हणाली, "हे आमचं घर हाये. इथं वेळ नाई होत."

मग तिनं बापाकडे बघितलं. समोर दिसत होता, तरी फोनमध्येच म्हणाली, "बाबा, आत या. चहा थंडा होऊन राह्यला."

"आलो माय," गजानन फोनमध्ये म्हणाला, आणि मोबाईल तसाच कानाला धरून आत गेला.