तोफ हाच ज्यांचा झेंडा

वाचकहो, तुमची पत्रं पोचली. सिन्नरच्या ताई, गुडघ्याचं काय म्हणणं? मालेगावचे भाईजान, साखर आटोक्यात आहे ना? देवळ्याच्या गुरुजींचा मोतीबिंदू निघाला का? मी ठणठणीत आहे. नाशिकरोडला तोफखान्यात नातू रोहनची कसम परेड, म्हणजे नव्या जवानांची शपथ, बघून आले, ते सांगितल्याशिवाय घास उतरायचा नाही.

सोबत सून संगीता. पोरगा तिला न सांगता भरतीला गेला, तेव्हापासून मायलेकांची बोलचाल बंद. "येते, पण बोलणार नाय," म्हणाली. म्हटलं, चल तर खरी!

आदल्या दिवशीच नामपूरहून एसटी धरली. बायांना अर्धं तिकीट. पिंपळगावला द्राक्षांच्या टेम्पोंत तासभर अडकलो, तेव्हा तुम्हीही मुक्कामानेच जा. आधारकार्ड विसरू नका, गेटवर बघतात.

सकाळी मैदानात तोफा ओळीने उभ्या, आरशासारख्या लख्ख. मी भाकरीची पिशवी सरळ एका तोफेच्या चाकाला अडकवली, बैलगाडीला अडकवावी तशी. एक मिशाळ हवालदार धावतच आले.

"माताजी, पिशवी काढा! पायदळ झेंड्याला मानतं, आमचा झेंडा म्हणजे ही तोफ. माझ्या टोपीवरचं चिन्ह बघा, तीच आहे. लढाईत गनर, म्हणजे तोफ चालवणारा जवान, हिला सोडून मागे येत नाही."

मी जीभ चावली, तोफेला हात जोडले.

"भाकरी कशाची?" ते हसले.

"बाजरीची. देऊ?"

"परेडनंतर!"

संगीताचा चेहरा मात्र उतरला. 'मागे येत नाही' एवढंच तिच्या कानात राहिलं.

पोरांनी तोफांसमोर शपथ घेतली, तेव्हा माझी छाती सुपाएवढी झाली. परेड सुटल्यावर आईबापांना गौरव पदक लावतात. संगीताचं नाव पुकारलं, ती जागची हलेना. समोर रोहन ताठ उभा. दुसऱ्यांदा नाव आलं. ती उठली, पदर सावरला, साहेबांकडून पदक लावून घेतलं आणि सरळ लेकाकडे गेली.

"माले न सांगता गया तू," ती तोफेकडे बोट दाखवत आमच्या अहिराणीत म्हणाली, "आते तिले सोडू नको."

"नही, माय."

दुसऱ्या दिवशी संगीता कांदा मार्केटला गेली ती पदराला पदक लावूनच. हमाल, व्यापारी, जो विचारेल त्याला तोफेची थोरवी सांगत होती. भीती गेली असं नाही; फोन वाजला की अजून दचकते. पण मान ताठ ठेवून उचलते.

तुमच्या घरचं कोणी फौजेत असेल, तर त्याच्या टोपीवर कोणतं चिन्ह आहे आणि त्याची गोष्ट काय, ते कळवा. संगीता रोज विचारते, कोणाचं काही आलं का. तिला फार ताटकळत ठेवू नका.