बाबांच्या ओठांवरचा नीरो

परवा गोव्यात, पार्शाच्या रस्त्यावर एका बाईनं नीरोचा पेला हातात दिला. काजूच्या बोंडांच्या त्या ताज्या रसाचा उग्र वास आला आणि मी थेट बाबांच्या खाटेपाशी जाऊन बसले.

त्यांचा आजार बरा होणारा नव्हता. डॉक्टरांनी घरी पाठवलं होतं. आठवड्यातून दोनदा एक सिस्टर येत, वेदनेचं औषध देत, आम्हाला सेवा शिकवत. बाबांचं गिळणं थांबलं तेव्हा मी सलाइनचा हट्ट धरला. सिस्टर म्हणाल्या, "तोंड कोरडं पडतं, तेवढं स्पंजनं भिजवा. आणि पाणीच कशाला? त्यांना आवडतं ते घ्या."

मी शेजारच्या काकीकडून वाटीभर नीरो आणला. बाबांनी स्पंज चोखला आणि कपाळाला आठी घातली. "हो आमचो न्हय. डोंगरार कोणूच गेलो ना?"

खरंच कुणी गेलं नव्हतं. डोंगरावर आमची बोंडं झाडांखाली कुजत होती. आई पदर तोंडाला लावून हसली, कितीतरी दिवसांनी.

मी तशीच डोंगर चढले आणि खालची नासलेली म्हणून झाडावरचीच बोंडं तोडून आणली, हातानं पिळली. बाबांनी बराच वेळ चव घेतली.

"हो आमचो. पूण झाडावयली काडलीस मगो? पडिल्लीच वेचपाची, बाय."

एवढा डोंगर चढून आणलं, तरी म्हणे आपणहून गळलेली, पुरती पिकलेलीच वेचायची! तेव्हा मला थोडा रागच आला होता.

परवा एक घोट घेतला, तोच तुरटपणा जिभेला लागला आणि त्या बाईला म्हटलं, "ही बोंडं झाडावरून तोडलेली आहेत." ती माझ्याकडे बघतच राहिली.