कालवांची वाटी

सासूबाईंच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, त्यात उजवी बाजू लुळी पडली. इस्पितळातून घरी आणताना डॉक्टरांनी मला बजावलं होतं, गिळणं अजून कच्चं आहे, सगळं गुळगुळीत वाटूनच भरवायचं. ते मी नीट करत होते. भात, मासा, केळं, सगळं मिक्सरमधून.

मग धाकट्या नणंदेने परस्पर रक्ताच्या तपासणीचं पॅकेज बुक केलं. रिपोर्ट कुटुंबाच्या ग्रुपवर आला. जस्त कमी, सेलेनियम कमी. थोरल्या नणंदेने खाली लिहिलं, ‘नंदाखाल गावात स्वतःची वाडी, दारात केळी-नारळ, आणि आईच्या रक्तात हे?’ पुढे काही लिहिलं नाही, पण रोख माझ्या स्वयंपाकावर होता हे लहान पोरालाही कळलं असतं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, आजारपणातही हे आकडे खाली जातात, त्यानेच झटका आला असं कोणी सांगू शकत नाही. मी तेही ग्रुपवर टाकलं. कुणी साधा अंगठासुद्धा टाकला नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

कालवांत जस्त भरपूर असतं, हे मी त्याच दिवशी मोबाइलवर वाचलं होतं. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून दोघी नणंदा येणार होत्या. मी कोळणीकडून शिंपल्यांतून सोललेली कालवं घेतली, नारळाच्या रसात शिजवली. वाटली मात्र नाहीत. वाटली तर ती कालवं आहेत हे दिसणार कसं? सासूबाईंना तासाभरापूर्वीच भूक लागली होती. “त्या येऊ देत, आई,” म्हणत मी त्यांना थांबवून ठेवलं.

नणंदा खुर्च्यांवर टेकल्या तशी मी वाटी घेऊन पलंगाशी बसले आणि पहिलं कालव भरवलं. दुसऱ्याला सासूबाईंना ठसका लागला. चेहरा लाल, मग काळसर. थोरलीने त्यांना पुढे वाकवून पाठीवर थापट्या मारल्या. तेव्हा कुठे कालव बाहेर पडलं.

“हे अख्खं कुणी दिलं?” थोरलीने विचारलं. वाटी माझ्याच हातात होती.

सासूबाईंनी धाप लागलेली असतानाच डावा हात उचलला, स्वतःच्या छातीवर ठेवला.

“मीच... मागितली,” त्या म्हणाल्या. “ती... नको... म्हणत होती.”

मग दोघी लेकी त्यांच्यावर घसरल्या. एवढं कळत नाही का, लहान आहेस का, जीव गेला असता म्हणजे. सासूबाई मान खाली घालून ऐकत राहिल्या. मला तिथल्या तिथे मेल्यासारखं झालं होतं. तरी मी खरं बोलले नाही. रुमाल घेतला आणि लेकींची बोलणी खाणाऱ्या त्या बाईचं तोंड पुसत राहिले.