फुंकर न घातलेला निखारा

मंडळी, आज इकडे तमिळ मुलखात, ओरगडम गावाच्या पुढे एका शिबिरात काडेपेटीशिवाय विस्तव पेटवायला शिकलो. म्हणजे शिकलो नाहीच.

तासभर तळहातांत काठी घुसळली, तेव्हा कुठे खालच्या लाकडात इवलासा निखारा दिसला. शिकवणाऱ्या वल्लीअक्का तमिळमध्ये ओरडल्या, "फुंका, लवकर!"

मी आपला हातानेच वारा घालत बसलो. निखारा विखरून विझला.

"फुंकलं का नाही?"

"अग्नी तोंडाने फुंकला की उष्टा होतो, असं आई सांगायची."

माझे तळहात सोलले होते, पण दुखत नव्हते.

आईला गेल्या महिन्यात मीच अग्नी दिला. तेव्हाही काही वाटलं नाही.

तुमच्यापैकी कुणाचं असं झालंय? रडू कितव्या दिवशी आलं?