माझी लेक कागदावर जेवली

"तुला काय कळतंय गं बजेटातलं? जा, ऊस तोड."

असं साहेब म्हणाला. तालुक्याच्या ऑफिसात, चार माणसांसमोर. माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा साहेब. पंख्याखाली बसलेले सगळे हसले. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण मी उभीच होते आणि शेजारी माझी लेक रूपाली उभी होती.

मी एवढंच विचारलं होतं, "सायेब, आमच्या पोरांचं वसतिगृह का न्हाई सुरू झालं?"

आमचं गाव खर्ड्याच्या बाजूचं, कोरडं. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयते घेऊन श्रीरामपूरकडं कारखान्यांना जातं, ते गुढीपाडव्याला परततं. आमच्या मागं पोरांनी गावातच राहावं, शाळेत जेवावं, म्हणून सरकार पैसे देतं. हंगामी वसतिगृह म्हणतात त्याला.

हे मला कळलं ते उसाच्या फडात, दोन वर्षांपूर्वी. मी मोळ्या बांधत होते आणि मुकादमाच्या मोबाईलवर बजेटच्या बातम्या लागल्या होत्या. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी तरतूद, असं बातम्यांतली बाई म्हणाली. तरतूद म्हणजे आमच्याकडं पावसाळ्याआधी भरून ठेवलेलं सरपण आणि ज्वारी. ठेवली म्हणजे ती घरात असते. मी खुळी, त्याच दिवशी रूपालीला म्हणाले, पुढच्या साली तू गावातच राहायचं, सातवी करायची. पोरगी इतकी हरखली की कोपीच्या, म्हणजे आमच्या फडावरच्या खोपटाच्या, कुडावर खडूनं सातवी लिहून ठेवलं तिनं.

पुढच्या साली निघायची वेळ आली, वसतिगृहाचा पत्ता नाही. एकटी पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची? नेली सोबत. हंगामभर तिनं तिच्या धाकट्या भावाला सांभाळलं, वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे बांधले, अंगात ताप असतानाही पाणी भरलं. परत आल्यावर वर्गात दोन दिवस बसली आणि घरी आली. "आई, फळ्यावरचं मला कायबी कळंना," म्हणाली. म्हणून तिला घेऊन मी ऑफिसात गेले होते.

साहेबानं कपाटातून आमच्या शाळेची वही काढली आणि माझ्यापुढं टाकली.

"वसतिगृह चाललंय की. ठराव आहे. ही सही कुणाची?"

सही माझी होती.

शाळेच्या समितीत आया लागतात, म्हणून मला घेतलेलं. दर साली निघायच्या आधी हेडमास्तर गुरुजी वही घेऊन दारात यायचे. "तुमी पाच महिने न्हाई, मग बैठका कशा व्हायच्या? सह्या करून ठेवा." गाठोडी बांधता बांधता आम्ही कोऱ्या पानांवर सह्या करायचो. गावात सगळे असंच करतात. बाकीच्या अंगठा लावायच्या. मी चौथी शिकलेली, मी झोकात सही करायचे. त्या झोकाची आज मला लाज वाटते.

ठरावामागं पोरांची यादी होती. रूपालीनं बोट ठेवून वाचली.

"आई, माझं नाव हाय. मी रोज हजर हाय. रोज जेवलेय बी."

साहेबानं वही ओढून घेतली. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असं आम्ही दुसऱ्यांना हसून म्हणतो. इथं जात्यावर मीच बसले होते.

एसटीत ती खिडकीकडं बघत होती. जामखेड मागं पडल्यावर म्हणाली, "तू का केली सही?" साहेबाच्या बोलण्यानं मला राग आला होता. ह्यानं मी मेले.

मी तक्रारीचा अर्ज दिला. चौकशी लागली. चौकशीला आलेल्या माणसानं गुरुजींच्या घरी चहा घेतला आणि तो निघून गेला. रूपाली काही शाळेत परत गेली नाही. तिच्या हातात आता नवा कोयता आहे.

ह्या दिवाळीनंतर पुन्हा गुरुजी वही घेऊन आले. ट्रक दारात उभा, भांडी चढलेली.

"ताई, लवकर करा."

मी म्हणाले, "वसतिगृह हाय का ह्या साली?"

"बघू. वरून पैसे आले तर."

"मग कशावर सही करू?"

शेजारीण ट्रकातून ओरडली, "कर की बये! कशाला वाकडं घेती? तुझ्या पायी हाय तेबी जाईल." माझा नवरा खाली बघून ट्रकाचा दोर आवळत राहिला.

मी पेन घेतला. जिथं जिथं सही करायची होती, त्या प्रत्येक कोऱ्या पानावर ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात रेघ मारली. शेवटच्या पानावर लिहिलं, अक्षरं वेडीवाकडी आली: वसतिगृह चालू नाही. माझी मुलगी माझ्यासोबत उसात आहे. आणि त्याच्या खाली सही केली.

"सरकारी वही हाय ती! खराब केली तू," गुरुजी म्हणाले. पहिल्यांदाच अगंतुगं केलं त्यांनी.

ते नवी वही आणतील. माझ्या जागी दुसरी बाई बसवतील, ती अंगठा लावेल. पुढच्या बजेटात पुन्हा तरतूद होईल, आणि आमची पोरं पुन्हा कागदावर जेवतील. रूपालीची सातवी गेली ती गेली. ह्यातलं काहीच माझ्यानं थांबलेलं नाही.

पण पाडव्याला परत आले की मी घराचं कुलूप आधी काढणार नाही. शाळेत जाऊन वही मागणार. नाही दिली तर दारात बसणार. दिली तर त्यातली नावं भर ग्रामसभेत मोठ्यानं वाचायची, एक एक, आणि त्या त्या पोराला उभं करून विचारायचं, तू कुठं होतास.

वाचणार रूपाली. तेवढं वाचता येतं तिला.