डेल्माची हिरवी गाडी

...तर डेल्मा त्या दंतवैद्याला म्हणाली, "आधी तो डबा माझ्या दारातून हलवा, मग बोलू."

डबा म्हणजे गाडी वाहून न्यायचा त्याचा ट्रेलर. चारी बाजूंनी बंद, आत गालिचा. काल इथवर आलो आणि मला झोप लागली. पण ती एवढी का भडकली, हे सांगायचं राहिलंच की!

डेल्मा वुड्रिंग माझी शेजारीण. इंडियानातल्या आमच्या गावात बोटींचा कारखाना होता, तिथं तिचा जन्म गेला. काचेच्या धाग्यांचं कापड साच्यात घालायचं, त्यावर चिकट रेझिन चोपडायचं. सहासष्ट सालची एक कॉर्व्हेट, स्पोर्ट्स गाडी हो, कुणीतरी झाडावर घातली, नाकाचा पार भुगा; ती भंगारात डेल्माच्या नजरेला पडली. भंगारवाला म्हणाला, "बाई, हिचं आता काही होत नाही." डेल्मा म्हणाली, "बोटीसारखंच अंग आहे हिचं. बोट बुडते, ही तर नुसती आपटलीय." घरी आणली, मग सुट्टीच्या दिवशी घासणं आणि थापणं. काचेच्या धुळीनं अंगाला इतकी खाज सुटायची की भर थंडीत गार पाण्यानं आंघोळ करायची बया! नाक नवं झालं, बाटलीहिरवा रंग चढला, आणि दर शनिवारी ती गाडी घेऊन नदीकाठच्या डायनरला, म्हणजे खानावळीत, चेरी पाय खायला. पाऊस असो, खडी असो. टवका उडाला की सोमवारी स्वतः रंग लावायची.

जुन्या गाड्यांचे शौकीन लोक हळहळायचे. त्यांची रीत निराळी. अशी गाडी ट्रेलरात घालून प्रदर्शनाला न्यायची, कापडानं पुसायची, बक्षिसाची फीत मिळवायची आणि परत ट्रेलरात. डेल्मा म्हणायची, "याला गाडी ठेवणं म्हणत नाहीत, मढं सजवणं म्हणतात."

यंदा लायसन्सच्या कचेरीत डोळ्यांच्या तपासणीत ती नापास झाली. घरी आली, चहाही न घेता पाटी रंगवायला बसली. अक्षरं वाकडी, पण ढळढळीत: 'विकणे आहे. चालवणाऱ्यालाच.'

मी म्हटलं, "अगं, दुसरी ओळ खोड. गिऱ्हाईक पळेल."

"पळू दे. पळणाराच हवाय मला."

आणि आला कोण, तर शिकागोचा हा दंतवैद्य, ट्रेलरसकट! माणूस गोड हो. गाडी पाहून त्याचे डोळे ओले झाले. भावावर हूं की चूं नाही. फक्त म्हणाला, "मॅडम, चालवत कशी नेऊ? एवढी सुंदर वस्तू!"

"चाकं कशाला आहेत तिला?"

"माझ्याकडे खास खोली आहे. धूळसुद्धा बसणार नाही."

"मग तुमचे पैसे घ्या आणि त्या खोलीत तुम्हीच बसा."

त्यालाही आता राग आला. "तुम्हाला तर चालवता येत नाही! इथं गॅरेजात सडली तर चालेल?"

वर्मी लागलं होतं. मला वाटलं, आता रडते की मारते. डेल्मानं काठी माझ्या हातात दिली, बॉनेटवरून हात फिरवत चाचपडत गेली आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसली. किल्ली खिडकीतून बाहेर धरली.

"शिकागोपर्यंत मी येते. ट्रेलर हा म्हातारा आणेल मागून, परत मला बसनं घेऊन येईल. तुम्ही चालवा. नाहीतर व्यवहार नाही."

म्हातारा म्हणजे मी! मला विचारलं कुणी?

दंतवैद्य किल्लीकडे बघत राहिला. हात पुढे करायचा, मागे घ्यायचा. शेवटी बसला एकदाचा. स्टिअरिंगवर हात ठेवला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाला, "आणि वाटेत खडा उडून रंग गेला तर?"

"डोळे गेलेत माझे, कान नाहीत. चालू करा. पहिला खडा लागेल तो मला ऐकायचाय."