भिंतीवरचा पेला

घर पाहावं बांधून म्हणतात. बांधायची ऐपत नव्हती, म्हणून तयार घर शोधत आम्ही नवरा-बायको उन्हाळाभर जळगावात स्कूटरवर फिरलो. मी दवाखान्यात नर्स, नवरा पाइपच्या कारखान्यात. घर हवं होतं ते माझ्या आईसाठी. अमळनेरला ती एकटी, गुडघे पार गेलेले. तळमजला आणि दाराशी बसायला ओटा, एवढंच तिचं मागणं.

चौकशीत मला कोणी हरवू नये. पाण्याचं एजंटाला विचारायचंच नाही, शेजारच्या गच्चीवरच्या टाक्या बघायच्या. नाला कुठवर चढतो ते किराणावाल्याला विचारायचं. डाळमिलचा भुसा कुठल्या वाऱ्याने घरात येतो, तेसुद्धा मी विचारून ठेवलं होतं. नवरा म्हणायचा, "मला पसंत करताना एवढं पाहिलं होतंस का?" नव्हतं पाहिलं, म्हणून तर आता पाहते, म्हटलं.

शेवटी एक बैठं घर मनात भरलं. बोअरला पाणी, समोर ऐसपैस ओटा. आईला दाखवायला आणलं. शेजारची बाई कंपाउंडच्या भिंतीपाशी आली. माझ्याच वयाची, बोलायला गोड. आई धापा टाकतेय बघून तिने न मागता स्टीलचा पेला भरून पाणी दिलं. आडनाव विचारलं, ते ऐकून खूश झाली. आमचं आडनाव बऱ्याच जातींत आहे. मग हळूच म्हणाली, "कुलदैवत कुठलं हो तुमचं?"

मी काहीतरी जुळवत होते. आईने पाणी संपवलं आणि म्हणाली, "आम्ही बौद्ध, बाई. जय भीम." आणि रिकामा पेला पुढे केला.

बाईचा हात काही पुढे आला नाही. "ठेवा ना तिथंच भिंतीवर," ती म्हणाली, तशीच गोड, आणि आत गेली.

पुढच्या रविवारी भर दुपारी आईला घेऊन पुन्हा गेलो. भिंती किती तापतात ते मला बघायचं होतं. पेला तिथंच होता. आत धूळ, तळाशी मेलेल्या मुंग्या. माझं टाळकं फिरलं. नवरा म्हणाला, "आता घ्यायचं तर हेच, हिच्या नाकावर टिच्चून." मलाही अगदी तेच वाटत होतं.

आई ओट्यावर टेकली. "तुमी दोन्ही सकाळी कामले चालना जाशात," ती बसल्या जागी हात थोपटत म्हणाली. "दिनभर आठे कोन बसनार शे? मीच ना?"

नवऱ्याने स्कूटरची किल्ली काढली. उठताना तिने तो पेला पदराने पुसला आणि पिशवीत टाकला.

आता आम्ही आपल्या लोकांच्या वस्तीत राहतो. परवडला तो फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर निघाला, लिफ्ट नाही. शेजारणी जीव लावतात, पण आई आल्यापासून एकदाही खाली उतरलेली नाही. ओटा तिला मिळालाच नाही. मला त्याचा राग येतो, अजून येतो.

पाणी ती त्याच पेल्याने पिते. लग्नातल्या भांड्यांवर कोरतात तसं त्यावर त्या बाईचं नाव आहे. कोणी वाचून विचारलं, ही कोण, तर आई सांगते, "मन्ही शेजारीन व्हनार व्हती."